पान एकशे चौदाच्या पुढे

मावशी, पुस्तक मिळालं. अख्खं, पुठ्ठ्यासकट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते मिळवलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. आता मी इतकी गोंधळले आहे की चिडायचं कोणावर तेच समजत नाही. लेखकावर चिडावं तर तो बिचारा कोण कुठला. तुझ्यावर चिडावं तर तू नाहीस.

आधी पुस्तकाचंच सांगते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. "मास्तरीण, खोलीत कोण होतं गो?" खोलीत बंगल्याचा दिवाणजी होता, मावशी. म्हणजे राहत नव्हता, मागच्या जिन्याने गुपचूप यायचा, ताट फस्त करायचा आणि निघून जायचा. घरच्यांना भुताचं भय घालून बंगला विकायला लावायचा, एवढाच त्याचा बेत. आणि हे आपल्याला सांगतं कोण, तर एक इन्स्पेक्टर. पान दोनशे चाळीसपर्यंत ज्याचा पत्ता नाही असा हा माणूस मोटारसायकलवरून येतो, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि आठ पानं एकटाच बोलतो. मधे कोणी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

आणि तसबिरीतल्या बाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडे? उंदरांचे. खरंच सांगते. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात ते इथे अक्षरशः झालं. घाटातला तो धुक्यातला बंगला, बोलायचं विसरलेली सात वर्षांची मंदा, दर अमावास्येला वरच्या बंद खोलीत जाणारं आणि चाटून पुसून परत येणारं ताट, या घराण्यात कोणीतरी काहीतरी भयंकर केलंय असा पानापानाला येणारा वास, आणि शेवटी काय, तर इस्टेट. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्याने "शी!" म्हणाले. नवरा बाहेरच्या खोलीतून विचारायला आला, झुरळ आहे का म्हणून.

पुस्तकाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिणाऱ्याला उगाच कशाला दुखवा. आपल्या दोघींसाठी ते "बंगला"च होतं, कारण तुझ्याकडे ते आलं तेव्हा त्याला ना पुठ्ठा होता ना नाव.

पण मी नुसती पुस्तकावर नाराज झाले असते तर हे लिहायला बसले नसते. एक पुस्तक फसलं तर माणूस दुसरं घेतो. माझी झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने.

आपली ओळख जवळ्याने झाली. मी आशागडची, तलासरीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की भाजी घेऊन जीप पकडायची, एवढाच माझा बाजाराशी संबंध. तू डहाणूहून सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन यायचीस. बोंबील, करंदी, जवळा. त्या दिवशी मी तुझ्याकडून पावशेर जवळा घेतला आणि तू तो एका छापील पानात बांधून दिलास. घरी गेले, जवळा डब्यात ओतला आणि पान टाकायला निघाले, तर नजर त्यावर पडली. पान एकशे तेरा. मागे एकशे चौदा. ओट्याशी उभी राहून वाचत गेले. मंदा जिना चढते आहे, कुलूप निघालेलं आहे, दार किलकिलं आहे, तिने दार ढकललं आणि आत...

आणि पान संपलं.

पुढच्या बाजाराला मी भाजी घेतलीच नाही, सरळ तुझ्यासमोर उभी राहिले आणि पान पुढे केलं. "मावशी, याच्या पुढचं पान आहे का?" बाजूची कांदेवाली हसायला लागली. तू हसली नाहीस. पान घेतलंस, उलटसुलट पाहिलंस, आणि टोपलीखालच्या गोणपाटातून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढलास. "एकशे पंधरापासून हाय," बोललीस. "माझं पण इथपर्यंतच झालं हाय. बस."

तेव्हा मला तुझी पद्धत कळली. मासळी बांधायला तू डहाणू रोडच्या भंगारवाल्याकडून रद्दी घ्यायचीस. वर्तमानपत्र नको, त्याची शाई जवळ्याला लागते, म्हणून जुनी पुस्तकं. आणि तुझा नियम होता, न वाचलेलं पान फाडायचं नाही. सातवी पास झालेली तू. एकेक पान आधी वाचायचीस, मग फाडून कोणाच्या तरी करंदीत, कोणाच्या बोंबलात पाठवायचीस. किती पाड्यांवर तू अशी अर्धीमुर्धी पानं धाडलीस, देव जाणे. परत आलेली मी एकटीच.

त्या दिवसापासून "बंगला" फाडणं बंद झालं. दर बाजाराला शाळा सुटली की मी तुझ्या मागे उपड्या टोपलीवर बसायचे आणि दोन-तीन पानं मोठ्याने वाचायचे. तू तराजू सांभाळत ऐकायचीस. गिऱ्हाईक आलं की "थांब" म्हणायचीस, गेलं की "चल". मी एकदा म्हटलं, गठ्ठा घरी नेऊ दे, तर तू साफ नाही म्हणालीस. "एका दमात संपवशील आणि मग कोणाला येशील इकडे." मला तेव्हा राग आला होता. शिक्षिकेला असं बोलतात का! पण खरं सांगू, तू बरोबर होतीस. मी संपवलं असतं आणि आले नसते. आणि मग ते दीड वर्ष मला मिळालं नसतं. शाळेत मी दिवसभर बोलते, घरी दिवसभर ऐकते. कोणाशी भांडावं असं वाटणारं माणूस मात्र मला तुझ्याआधी बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. एकशे चौदाच्या पुढचं आपण वाचलं, पण मागचं? ती पानं तर तू वाचून वाटून टाकली होतीस. मी म्हटलं, मला सुरुवात माहीत नाही, मंदा बोलत का नाही, तसबिरीतली बाई कोण. तू बोललीस, "सांगते की." आणि सांगितलंस. एकदम नाही, तुझ्या सवयीने, वाचता वाचता मधेच.

तू सांगितलंस, तसबिरीतली बाई मंदाची आई. वैनीसाहेब. ती मेलेली नाही. एका सकाळी तिने मंदाला पेजेची वाटी दिली आणि बोलली, ही संपव तोवर मी येते. आणि मागच्या दाराने गेली. मंदाने पेज भराभरा संपवली. वाटी चाटली. आई आली नाही. तेव्हा पोरीने स्वयंपाकिणीकडे आणखी पेज मागितली. तीपण संपवली. तिसरी वाटी मागितली तेव्हा स्वयंपाकीण रडायला लागली, पण पोर काय ते बोलेना, नुसती वाटी पुढे करायची. तेव्हापासून तिचं बोलणं गेलं.

मी विचारलं, "पण आई गेली का?"

तू एका बाईला करंदी बांधून देत होतीस. हात न थांबवता बोललीस, "ते पान गेलं गो. कोणाच्या तरी जवळ्यात गेलं."

मग पुढे कधीतरी तू सांगितलंस की वैनीसाहेब वर्षातून एकदा परत येते. बांगड्या विकणारी होऊन येते, डोक्यावरून पदर घेऊन, आणि अंगणात बसून घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरते. मंदालाही भरते. मंदा हात ओढून घेते, कारण ही बाई हात फार घट्ट धरते आणि लवकर सोडत नाही. घरात कोणी तिला ओळखत नाही.

आणि मी काय म्हणाले? मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हणाले, "असल्या बाईला आई म्हणू नये मावशी. मांजरीण बरी. ती निदान पिल्लं तोंडात धरून नेते."

तू तराजूची पारडी पुसत राहिलीस. पुढच्या बाजाराला गेले तर तू म्हणालीस, गठ्ठा घरी राहिला. त्याच्या पुढच्या बाजारालाही राहिला. मला वाटलं, पावसाचे दिवस आहेत, पानं भिजतील म्हणून आणत नसशील. दोनदा मी टोपलीवर नुसती बसले, आपण मासळीच्या भावावर बोललो. तिसऱ्या बाजाराला तू गठ्ठा आणलास आणि आपण पुढे वाचायला लागलो. मी विसरूनही गेले.

छापील पानात मात्र वैनीसाहेबांचा उल्लेख आला की "कैलासवासी" असायचं. मी अडले. गणिताची बाई मी, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. म्हटलं, मावशी, इथे तर मेली म्हणतात. तू लगेच बोललीस, "घराची इभ्रत गो. बाई पळून गेली असं कोण सांगेल? मेली असंच सांगतात." मला पटलं. किती चपखल उत्तर होतं ते! आज मला माझीच कीव येते.

आपलं मोठं भांडण ताटावरून व्हायचं. दाराआड काय होतं ते पुढच्या पानानेही सांगितलं नव्हतं, आणि मंदा तर बोलायचीच नाही. वरच्या खोलीतलं ताट कोण संपवतं? मी म्हणायचे, घरात एक वेडा काका कोंडलेला असणार, मी अशा गोष्टी पुष्कळ वाचल्या आहेत. तू म्हणायचीस, मंदा खाते. "आई बोलून गेली ना, संपव तोवर येते. म्हणून पोर संपवते." मी म्हणायचे, खोलीला कुलूप असतं, किल्ली कुठून आली? तू म्हणायचीस, पोरीला किल्ली लागत नाय. मी म्हणायचे, हे उत्तर नाही, ही अर्धीच सिद्धता झाली, हिला मी शून्य मार्क देईन. तू म्हणायचीस, दे. तुझी शाळा तुझ्याजवळ ठेव.

आपला गठ्ठा दोनशे आठव्या पानाला संपला. भंगारवाल्याकडे तो तसाच आला होता, शेपूट तुटलेला. पुढचं कोणालाच माहीत नव्हतं, ना तुला ना मला. तरी आपण बसत राहिलो. आता वाचायला काही नव्हतं, नुसतं भांडायला होतं. गेल्या महिन्यात मी म्हटलं होतं, मावशी, सुट्टीत मी हे पुस्तक कुठूनही शोधून काढते आणि तुला खोटी पाडते. तू बोललीस, "काढ की. पण मला वाचून दाखवू नको."

मी विचारलं, का? तू म्हणालीस, "माझं झालं हाय वाचून."

त्याच्या पुढच्या बाजाराला तुझी जागा रिकामी होती. त्याच्याही पुढच्या बाजाराला कांदेवालीने तिथे आपली गोणी सरकवली होती. तिनेच सांगितलं. मी पिशवी घेऊन तिथे बराच वेळ उभी राहिले. माणसं मला ओलांडून जात होती. कोणीतरी म्हणालं, बाई, बाजूला व्हा. मी बाजूला झाले.

तेराव्याला मी डहाणूला तुझ्या घरी आले. तू कधी बोलावलं नव्हतंस, मीही कधी विचारलं नव्हतं. खाडीच्या बाजूला तुझं घर, समोर बोंबील वाळत घातलेले, आणि ओटीवर सगळी तुझी माणसं. तुझी सून रंजना मला ओळखत होती. "गणितवाल्या बाई ना? आई सांगायच्या तुमचं." काय सांगायच्या ग? मी विचारलं. ती म्हणाली, "बोलायच्या, फार शिकलेली हाय पण भांडते चांगली." मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी पान एकशे तेरा-चौदा पर्समध्ये घालून डहाणूच्या वाचनालयात गेले. हो, ते पान मी जपून ठेवलं होतं, अजून त्याला जवळ्याचा वास आहे. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी आधी नाक मुरडलं, मग चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि उठून आतल्या कपाटातून पुस्तक आणून दिलं. "सुरुवात झकास आहे," म्हणाले. "पुढे अपेक्षा ठेवू नका." आमच्याच वर्गातल्या पोरांचं प्रगतिपुस्तक वाचत असल्यासारखं वाटलं.

आधी मी शेवट वाचला. हो, वाचला, लबाडी केली. तो दिवाणजी, तो इन्स्पेक्टर. मग सुरुवातीकडे आले. एक ते एकशे बारा. तू वाटून टाकलेली पानं.

मावशी, त्यात पेजेची वाटी नाही.

मागचं दार नाही. बांगड्यावाली नाही. पान नऊवर चार ओळी आहेत, त्यात मंदाची आई तापाने वारते. बस्स. पुढे तिचं नावसुद्धा नीट येत नाही. मंदा बोलत नाही ती लहानपणी जिन्यावरून पडली म्हणून. मी एकशे बारा पानं तीनदा चाळली, मला वाटलं ग्रंथपालांनी दुसरी आवृत्ती दिली, पानं गळली असतील, मीच घाईत ओलांडली असतील. नाही. हिशेब पुरा आहे, एकही पान कमी नाही. वैनीसाहेब गेली ती तुझ्या तोंडून गेली. छापलेलं कुठेच नाही.

सुरुवातीला मला संताप आला. दीड वर्ष मी उपड्या टोपलीवर बसून ज्या गोष्टीसाठी भांडले ती तू मनाने रचलीस? मला फसवलंस? मग लगेच वाटलं, असेना का फसवलेलं, तुझं पुस्तक त्या पुस्तकापेक्षा किती चांगलं होतं! ताट मंदा खाते, कारण आई बोलून गेली आहे, संपव तोवर येते. मी ज्याला शून्य मार्क दिले ते उत्तर त्या आठ पानं बोलणाऱ्या इन्स्पेक्टरच्या बापालाही सुचलं नसतं. मला तुझा अभिमान वाटला. आणि त्या अभिमानात मी पुस्तक पुन्हा उघडायला गेले आणि एकदम हात थांबला.

तू का रचलीस?

मी पुन्हा तुझ्या घरी गेले. निमित्त काढलं, गठ्ठा हवा म्हणून. रंजनाला सरळ विचारायचं धाडस झालं नाही, आडून आडून विचारलं. आई पहिल्यापासून इथल्याच का? ती बोंबील उलटे करत होती. म्हणाली, "नाय, आईंचं आधी एक घर होतं म्हणतात. पाट लावून आल्या इथे, दुसरं लग्न." कुठे होतं ते घर? "कोण बोलतं तलासरीच्या बाजूला, कोण बोलतं संजाणकडे. आमच्या ह्यांना पण नीट माहीत नाय. आई कधी बोलल्या नाहीत." मुलंबाळं होती का तिकडे? तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "बाई, मला कसं माहीत असणार?"

मग म्हणाली, "एक विचारू? डहाणूत एवढं गिऱ्हाईक असताना आई दर आठवड्याला उठून तलासरीला का जायच्या, तुम्हाला काय बोलल्या का? ह्यांनी किती वेळा सांगितलं, जीपचा त्रास, कंबर दुखते, नका जाऊ. ऐकायच्या नाहीत."

मी म्हटलं, नाही, मला काही बोलल्या नाहीत.

निघताना मी तिला पुस्तकाचं सांगितलं. बांगड्यावालीचं, पेजेचं. मला वाटलं ती दचकेल. ती हसली. "अहो बाई, मनावर नका घेऊ. आई सिरियलची पण गोष्ट बदलून सांगायच्या. मी चुलीशी असली की विचारायची, आज काय झालं, तर मेलेल्याला जिवंत करून सांगायच्या. दुसऱ्या दिवशी मी बघायला बसली की सगळं भलतंच. त्यांची सवय होती ती."

म्हणजे आता बघ, मावशी. एका बाजूला तुझं आधीचं घर आणि तलासरीचा बाजार. दुसऱ्या बाजूला सिरियलमधले मेलेले. मी कुठलं धरू? मी मुलांना शिकवते की दिलेली माहिती अपुरी असेल तर तसं लिहा, मनाने काही मानू नका. आणि मी स्वतः गेले आठ दिवस मनाने काय काय मानते आहे. कधी वाटतं, सगळं स्वच्छ दिसतंय. कधी वाटतं, एका फसलेल्या पुस्तकाची हौस भागली नाही म्हणून मी तुझ्या आयुष्याचा बंगला करायला निघाले आहे. तुला हे आवडलं असतं का? मला नाही वाटत.

पण एक आठवण मला सोडत नाही. तुझी एक गिऱ्हाईक होती. कुठल्याशा पाड्यावरून यायची, चाळिशीची असेल, उंच, कपाळावर गोंदलेलं. मी शाळेतून यायचे तेव्हा बहुतेक ती पुडी घेऊन निघालेली असायची, त्यामुळे तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एकदा जरा लवकर आले तर पाहिलं, तिचं माप झाल्यावर तू वरून एक मूठ जवळा टाकलास. मग आणखी एक मूठ. सगळ्यांना तू वरून चिमूटभर द्यायचीस, हिला दोन मुठी. ती गेल्यावर मी चिडवलं, "आम्ही काय पाप केलंय? तिलाच का जास्त?" तू म्हणालीस, "ती भाव करत नाय. जी भाव करत नाय तिला द्यावं." मी म्हटलं, ठीक, उद्यापासून मीही करणार नाही. तू म्हणालीस, "तुझ्याच्याने होणार नाय."

काल बाजार होता. रंजना पहिल्यांदाच तुझ्या जागी बसली. कांदेवालीशी थोडी भांडली, जागा परत मिळवली. मी शाळेतून अर्धी रजा काढून लवकर गेले. का गेले, मला विचारू नकोस, मलाच सांगता येणार नाही. टोपलीवर बसले. दुपार कलायच्या आत ती बाई आली.

"ती मावशी नाय आली?" तिने विचारलं.

रंजनाने सांगितलं. त्या बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. रडली नाही. टोपल्यांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "अर्धा किलो जवळा दे." रंजनाने मोजला, काटा अगदी बरोबर, आणि कागद दुमडायला घेतला. तेव्हा मी पुढे वाकले आणि वरून एक मूठ जवळा टाकला. मग आणखी एक. रंजना माझ्याकडे बघतच राहिली. ती बाईही बघत होती.

"ती पण असंच द्यायची," ती म्हणाली. "मला कधी कळलं नाय, मलाच का. तुम्ही तिच्या बाजूला बसायच्या ना? तुम्हाला माहीत हाय?"

मावशी, मी तिला काहीही विचारू शकले असते. तुझं माहेर कुठलं, लहानपणी तुझी आई कुठे होती, पेज आवडते का. सगळे प्रश्न जिभेवर होते. आणि माझ्या तोंडून निघालं ते तुझंच वाक्य.

"तू भाव करत नव्हतीस म्हणून."

ती हसली. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

"मी?" म्हणाली. "मी तर दर वेळी भाव करायची, बाई. भांडायची तिच्याशी. सगळ्या बाजारात तिच्याशी जास्त मीच भांडायची."

तिने पुडी पिशवीत टाकली आणि जीपच्या दिशेने निघून गेली. मी हाक मारली नाही. मला अजूनही काही कळलेलं नाही, आणि कदाचित कळण्यासारखं काही नसेलही. पण मावशी, ते मांजरीचं बोलले होते ना, ते मी मागे घेते. तू ऐकत असशील तर ऐक. मी मागे घेते.